काकू सरपंच झाली आणि पहिल्याच रस्त्यात टक्केवारी आली. हे कधी संपू शकतं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, पण मला तो आमच्या गावात भेटला म्हणून तिथूनच विचारते.

गाव मराठवाड्यातलं, अडीच-तीन हजार वस्तीचं. 2022 च्या डिसेंबरात सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता, जागा महिलेसाठी राखीव होती, आणि माझी धाकटी काकू उभी राहिली. बारावी झालेली. बचत गटाचे हिशेब तिनेच सांभाळलेले, आणि कधी एका रुपयाचा घोळ नाही. निवडून आली. हलगी वाजली, गुलाल उडाला, घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

आता वस्तीवरून शाळेकडे जाणारा सिमेंटचा रस्ता मंजूर झालाय. पंचवीस-पंधराचा निधी (ग्रामविकास खात्याचं 2515 हे लेखाशीर्ष), दहा लाख. काम कोणाला मिळणार हे निविदा निघायच्या आधीच गावाला ठाऊक होतं. ते गृहस्थ घरी आले, चहा घेतला आणि काकूला गणित सांगितलं. वर इतके टक्के, तालुक्याला इतके, मोजमाप लिहिणाऱ्याचे इतके, बिल काढणाऱ्याचे इतके. "आणि ताई, तुमचेही बाजूला काढलेत." आवाजात धमकी नव्हती, लाजही नव्हती. किराण्याची यादी वाचून दाखवावी तसं सगळं.

काकू म्हणाली, मी सही करणार नाही. काका काही बोलले नाहीत. निवडणुकीत सोयाबीनचे पैसे गेलेत, वर उसनवारी आहे, आणि ते कुठून तरी भरून निघावेत असं त्यांच्या मनात आहे. ग्रामसेवक म्हणतात, उशीर झाला तर निधी परत जाईल. गावातली जाणती माणसंसुद्धा म्हणतात, "रस्ता होऊ द्या की. कोण खात नाही?" पावसाळ्यात शाळेची पोरं चिखलातून चपला हातात धरून जातात. उद्या रस्ता अडला तर अडवणारी बाई म्हणून नाव काकूचंच होणार.

मला मनापासून विचारायचंय. राजकारणातला हा पैसा कुठे, कधी संपलाय का? संपू शकतो का? की काकूसारख्या माणसाने यात पडूच नये?

पारावरचा

ताई, काकूंना माझा नमस्कार सांगा. पण खोटी आशा दाखवणार नाही.

2011 च्या ऑगस्टमध्ये अण्णांच्या उपोषणाला पाठिंबा म्हणून आम्ही तालुक्याला धरणं धरलं होतं. कॉलेजची पोरं, म्हातारी माणसं, सगळे रस्त्यावर. वाटलं होतं, आता बदलणार. लोकपालचा कायदा 2013 च्या शेवटी झाला आणि पहिला लोकपाल नेमला गेला मार्च 2019 मध्ये. नुसतं माणूस नेमायला पाच वर्षं! सिंचनाचं तर आपल्या मराठवाड्याला सांगायलाच नको. दहा वर्षांत सत्तर हजार कोटींच्या आसपास खर्च, आणि सिंचनाखालचं क्षेत्र वाढलं 0.1 टक्का. हा आकडा राज्य सरकारच्याच 2011-12 च्या आर्थिक पाहणीतून पुढे आला. त्यावर समिती बसली, अहवाल आला, सरकारं बदलली. आमच्या शिवारातली कालव्याची चारी आजही कोरडी आहे.

आणि मतदानाच्या आदल्या रात्री लक्ष्मीदर्शन घेणारे आपलेच भाऊबंद. ज्याने मतामागे पैसे मोजले तो ते वसूल करणारच. आधी हे थांबवा, मग वरच्यांना नावं ठेवू. मला तरी ते थांबताना दिसत नाही.

जुना ओव्हरसिअर

रानजाईताई, मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. गावातले रस्ते, शाळाखोल्या, पाझर तलाव यांतच आयुष्य गेलं. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

पारावरचे यांची तळमळ कळते, पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. "भ्रष्टाचार संपेल का" असं एकगठ्ठा विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं आणि माणूस हातपाय गाळतो. कोणता भ्रष्टाचार, ते विचारा. काही प्रकार मी डोळ्यांदेखत मेलेले पाहिलेत.

सिमेंट घ्या. आज कोणीही दुकानात जाऊन पोतं आणतो. ऐंशीच्या सुरुवातीला घर बांधायचं तर परमिट लागायचं. तहसिलीत अर्ज, सोबत नकाशा, जागेचा उतारा, आणि एवढं करून मागितली पन्नास पोती तर हातात पडायची वीस. सरकारी भाव एक, काळ्या बाजारातला भाव भलताच वेगळा, आणि या दोन भावांच्या मधे सगळी पुढारपणं पोसली जात होती. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंटचा जादा कोटा मिळाला, हे 1981 मध्ये वर्तमानपत्राने उघड केलं. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढे काय झालं? खटला वर्षानुवर्षं सुप्रीम कोर्टापर्यंत फिरत राहिला आणि अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले. म्हणजे शिक्षेने काही संपलं असं म्हणता येत नाही. पण 1982 मध्येच सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठलं, 1989 मध्ये पुरतं गेलं, आणि त्यानंतर परमिटसाठी कोणी कोणाला पैसे चारल्याचं मी ऐकलेलं नाही. माणसं तीच होती, त्यांची मनंही तीच होती. अडवून धरायला हातात काही उरलं नाही, एवढंच.

दुसरं अलीकडचं. माझी मंडळी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मे महिना आला की बदल्यांचा हंगाम, पदाधिकाऱ्यांच्या दारात शिक्षकांच्या मोटारसायकली रात्री उशिरापर्यंत उभ्या. सडकेवरच्या शाळेचा भाव वेगळा, तांड्यावरची टाळायची तर वेगळा. 2017 च्या शासन निर्णयाने त्या बदल्या संगणकावर गेल्या. त्यातही घोळ झाले. पती-पत्नी एकत्रीकरणावरून तक्रारी आल्या, खोटी अपंगत्वाची प्रमाणपत्रं जोडणारे निघाले. ते वाईटच. पण पाकीट घेऊन ज्या दारात उभं राहायचं ते दार बंद झालं, आणि ज्यांची ओळखपाळख नव्हती अशा शेकडो पोरीबाळींना त्याने न्याय मिळाला. मला याचं फार मोल वाटतं.

तुमचा रस्ता मात्र संगणक बांधणार नाही. तिथे कोणीतरी मोजणार आणि कोणीतरी सही करणार. पैसा वर जातो कारण वर निवडणूक बसलेली आहे. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाख. खरा खर्च काय होतो ते तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. निवडणूक रोख्यांतून तर सोळा हजार कोटींच्या वर रक्कम पक्षांकडे गेली आणि 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवेपर्यंत देणारा कोण हे मतदाराला कळायची सोयच नव्हती. हा वरचा भाग काकूच्या हातात नाही. खालचा आहे, आणि तोच मला नीट सांगायचाय.

टक्केवारी ठेकेदार खिशातून देत नाही, रस्त्याच्या जाडीतून देतो. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर जाड असा रस्ता धरा. पंचेचाळीस घनमीटर काँक्रीट झालं. जाडी दहावर आणली की तीस. पंधरा घनमीटर वाचलं. घनमीटरला सात पोती सिमेंट धरलं तरी शंभरावर पोती, शिवाय खडी, वाळू, मजुरी. ही वाचलेली रक्कम वाटली जाते.

आणि हे दिसत कसं नाही? काँक्रीट अडवायला कडेला ज्या पाट्या लावतात त्या बरोबर पंधराच्या असतात. कडेने बघणाऱ्याला जाडी भरलेली दिसते. तिथेच टेप लावून फोटो काढतात आणि बिलाला जोडतात. चोरी मधे असते. खालचं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, आणि मुरूम मधे मुद्दाम उंच ठेवतात, म्हणजे रस्त्याच्या पोटात काँक्रीट दहा, कुठे आठच. एकदा ओतलं की कोण फोडून बघतो? दोन पावसाळ्यांत मधोमध भेग पडते आणि आपण म्हणतो, ट्रॅक्टरने रस्ता खराब केला.

म्हणून मोजायचं ते ओतायच्या आधी. सोलिंग दाबून झालं की दोन्ही पाट्यांवर आडवी दोरी ताणायची आणि दोरीपासून खाली मधोमध टेप सोडायचा. मधे जो चढ द्यायचा असतो तो त्यात धरायचा. दर दहा मीटरला एक माप, वहीत लिहायचं, दोन गावकऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. हे शाळेच्या मास्तरांना जमतं, बचत गटाच्या बायांना तर नक्कीच जमतं.

मी एका कामावर मधली जी जाडी मिळाली तीच मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एम.बी.त, लिहिली. बिल कमी झालं. मला आधी प्रेमाने सांगून पाहिलं, मग जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. मुलगा दहावीला होता, घरात ते वर्ष फार जड गेलं. पण एम.बी.तला आकडा कोणाला फिरवता आला नाही. त्या पुस्तिकेच्या पानांवर छापील क्रमांक असतात, पान फाडलं तर फाडणाऱ्याची नोकरी जाते.

काकूला सांगा, रस्ता अडवू नको. रस्ता जाडीसकट घे.

दक्षिणमुखी

चर्चा वाचून राहवलं नाही. मिस्टरांच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं हाँगकाँगला काढली. "कुठे संपलाय का" याला त्या शहराचं उदाहरण द्यावंसं वाटतं.

साठ-सत्तरच्या दशकात तिथे पैसे दिल्याशिवाय पान हलत नव्हतं. घराला आग लागली तर बंब येऊनही "पाण्याचे पैसे" मिळाल्याशिवाय नळी सुरू होत नसे. इस्पितळात आया भांडं द्यायचे पैसे मागत. पोलिसांत हप्ता इतका पद्धतशीर होता की न घेणारा वेड्यात निघायचा. 1973 मध्ये पीटर गॉडबर नावाचा बडा ब्रिटिश पोलीस अधिकारी, पगारातून होणं शक्यच नाही एवढी माया जमवून, चौकशी चालू असतानाच इंग्लंडला पळाला. लोक रस्त्यावर उतरले. त्याआधी लाचेचा तपास पोलिसांचीच एक शाखा करायची. गव्हर्नर मॅक्लिहोज यांनी तो तिच्याकडून काढून घेतला आणि 15 फेब्रुवारी 1974 ला आयसीएसी हा स्वतंत्र आयोग उभा केला, थेट गव्हर्नरला जबाबदार. गॉडबरला 1975 मध्ये परत आणलं आणि तुरुंगात घातलं.

सरळ गेलं नाही तेही सांगते. 1977 च्या ऑक्टोबरात चिडलेल्या पोलिसांनी आयोगाच्या कार्यालयात घुसून मारहाण केली, आणि नोव्हेंबरात गव्हर्नरला त्या वर्षाच्या आधीच्या बहुतेक गुन्ह्यांवर पाणी सोडावं लागलं. ते वाचताना मला संताप येतो. पण त्यानंतर नव्याने खाणाऱ्याला माफी नव्हती. आम्ही गेलो तोवर तिथल्या माणसांच्या बोलण्यात "कॉफीला बोलावलं" याचा अर्थ "आयोगाने चौकशीला बोलावलं" असा पक्का झाला होता. चिनी नववर्षाला लाल पाकिटातून पैसे द्यायची रीत आहे. आमच्या इमारतीच्या रखवालदाराने ते आनंदाने घेतलं, पण सरकारी कचेरीतल्या बाईंनी दोन्ही हात जोडून नको म्हटलं.

म्हणून ओव्हरसिअर काकांना एक सांगावंसं वाटतं. शिक्षेने काही होत नाही असं नाही. पकडणारा कोणाच्या हाताखाली आहे, हा मुद्दा आहे. आपलं लाचलुचपत खातं राज्याच्या गृह विभागाखाली येतं. शिवाय 2018 पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम 17 अ आलं. सरकारी कामात घेतलेल्या निर्णयाबद्दल चौकशी करायची तर आधी सरकारचीच परवानगी. पैसे घेताना रंगेहाथ सापडला तर ती लागत नाही, त्यामुळे सापळ्यात बहुतेक खालचाच सापडतो, वरचा फाइलीआड राहतो. मला हे अतिशय चुकीचं वाटतं.

फरकही मोठा आहे, तो लपवत नाही. तिथला गव्हर्नर लंडनहून यायचा, त्याला निवडणूक लढवायची नव्हती, त्यामुळे निवडणुकीच्या पैशाचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे लोकशाही आहे आणि ती मला हवीच आहे. पक्षांचा पैसा उघड कसा करायचा, याचं उत्तर हाँगकाँगकडे नाही. ते आपल्यालाच शोधावं लागेल.

माजी सदस्य

मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. थोडक्यात लिहिते, मोबाइलवर आहे.

काकूंच्या डिजिटल सहीचं डोंगल कोणाकडे आहे ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी "ताई, तुम्हाला कशाला त्रास" म्हणत ते दुसऱ्याच्याच ड्रॉवरमध्ये असतं, पासवर्ड कागदावर लिहून चिकटवलेला. पंचायतीच्या खात्यावरून त्यातून पैसे जातात आणि उद्या चौकशी लागली तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 39 खाली सरपंचपद जाईल ते काकूंचं. डोंगल घरी, पासवर्ड नवा.

तो माणूस घरी येऊन "तुमचे बाजूला काढलेत" म्हणाला, तो गुन्हा आहे. सरपंच लोकसेवक असतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. लाचलुचपत खात्याच्या 1064 वर तक्रार करता येते. करायची की नाही हे काकूंनी ठरवावं, गावात राहायचं त्यांना आहे, मी इथे बसून शौर्य शिकवणार नाही.

आणि एकटीने भांडू नये. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागतेच. तिथे अंदाजपत्रक वाचून दाखवा. आमच्याकडे हातपंपाच्या कामात साठ-सत्तर बाया पुढच्या सभेला उठून बसल्या आणि "पाइप किती फूट घातला" एवढंच विचारत राहिल्या. त्या दिवशी उत्तर द्यावंच लागलं.

पारावरचा

ओव्हरसिअर साहेब, मधली जाडी मोजायची गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्याही गल्लीचा रस्ता मधोमध चिरलाय. बाकी माझं मत कायम आहे. मतामागे पैसे घेणं थांबल्याशिवाय हे वरपर्यंत सुटणार नाही. ज्या घरातून सोयाबीन विकून निवडणूक लढवावी लागते तिथल्या काकांना दोष तरी काय द्यायचा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. काकाही ऐकत होते. जाडीचं गणित ऐकल्यावर ते उठून बाहेर गेले, मग परत येऊन म्हणाले की बाजार समितीतून तीस मीटरचा टेप आणतो. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. तो सुटलेला नाही, उसनवारी आहेच, आणि त्याबद्दल घरात कसं बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही.

डोंगल खरंच काकूकडे नव्हतं. आज जाऊन ती घेऊन आली.

1 मेच्या ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचायचं ठरलंय, त्याआधी महिलांची सभा. एक अडचण आहे. हे काम ग्रामपंचायतीकडे नाही, वरच्या यंत्रणेकडे आहे. तिथले साहेब म्हणतात, अंदाजपत्रक सरपंचाला द्यायचं बंधन नाही आणि मोजमापाच्या वेळी गावकऱ्यांचं काय काम? ओव्हरसिअर काका, याला काय करायचं?

जुना ओव्हरसिअर

ताई, वाचून फार बरं वाटलं. काकांनाही माझा नमस्कार.

साहेब बंधन नाही म्हणतात तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. म्हणून ग्रामसभेची वाट न बघता या आठवड्यातच द्या आणि पोच घ्या. अर्जात तीन गोष्टी नावानिशी मागा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर दुसरा अर्ज करून एम.बी.च्या संबंधित पानांच्या सत्यप्रती मागा. "कामाची सर्व माहिती" असं मोघम लिहू नका, मोघम अर्ज परत येतो.

गावकऱ्यांचं काय काम, याचं उत्तर त्याच कायद्याच्या कलम 2 मधे आहे. माहिती अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी करणं आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हे शब्द स्पष्ट आहेत. अर्जात ते कलम लिहूनच पाहणीची तारीख मागा. नमुना घेतलात तर काँक्रीटचे ठोकळे भरून शासकीय तंत्रनिकेतनात तपासता येतात, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी. फी आधी विचारून घ्या, जमलं तर लोकवर्गणी करा.

आणखी एक. तक्रार करणारं गाव आहे कळलं की ठेकेदार रात्री काँक्रीट ओतायला बघतो, म्हणजे टेप घेऊन कोणी उभं राहायला नको. काम दिवसाच व्हावं आणि ओतायच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला कळवावं, असं पत्र काकूने सरपंच म्हणून आत्ताच देऊन ठेवावं. प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. आवक क्रमांक टाकून घ्यायला विसरू नका. आणि ओतल्यावर निदान चौदा दिवस मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवायला लावा. जाडी पूर्ण मिळाली आणि पाणीच मारलं नाही, तर तोही रस्ता टिकत नाही.